काय काम होतं?

हवाई दलाच्या पोलिसात माझी सगळी नोकरी तळाच्या गेटवर गेली. रोज दिसणाऱ्या साहेबांचंही ओळखपत्र बघायचं, आणि बाहेरचा कुणी आला की विचारायचं, "कोणाकडे? काय काम?" त्यात मी कधी सूट दिली नाही, आणि त्याचा मला तोरा होता.

निवृत्त होऊन पारनेरजवळ गावी आलो. बायको गेल्यावर घरात एकटाच राहिलो. एका दुपारी शेजारचे म्हातारे शेतकरी फाटकाशी आले. मी आडवा उभा राहिलो. "काय काम होतं?"

ते गांगरले. "काम काय न्हाई. आसाच आल्तो बसाया," म्हणाले आणि माघारी वळले. हाक मारायचं मला सुचलं नाही.

आता फाटक सताड उघडं ठेवतो. महिन्यातून एकदा विजेचं मीटर बघणारा येतो. त्याला काम असतं.