तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीला भोंगा

जिचा हॉर्न ऐकून म्हैस दावं तोडते अशी चारचाकी तुम्हाला परभणी जिल्ह्यात कुठे कधी भेटली असेल, तर ती एकदा तरी माझ्या साडूंच्या हाताखालून गेली आहे असं खुशाल समजावं. मी कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर काम करतो, त्यामुळे मोजल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. सोयऱ्याधायऱ्यांत आणि त्यांच्या बोरी गावात मिळून एकोणीस गाड्यांचे हॉर्न त्यांनी बदलले. एकाही मालकाने त्यांना तसं सांगितलं नव्हतं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. शेती कापसाची आणि सोयाबीनची. हॉर्न बसवणं हा त्यांचा धंदा नाही. धंदा असता तर माणसाला नाही तरी म्हणता आलं असतं. ते पाहुणे म्हणून येतात, चहा घेतात, मग अंगणातल्या गाडीकडे आजारी माणसाला बघायला आल्यासारखं बघतात आणि हळूच विचारतात, "हिचा घसा लय दिवसापासून बसलाय का?" तोवर पिशवीतून पेढ्याचा पत्र्याचा डबा बाहेर आलेला असतो. त्यात पेढे कधीच नसतात. रिले, फ्यूज, वायरी, काळी टेप आणि एक पक्कड असते.

माझी गाडी घेऊन आठवडाही झाला नव्हता. कंपनीचा हॉर्न 'पीं' असा वाजायचा आणि मला तो पुरत होता. भाऊंनी एकदा दाबून पाहिला आणि म्हणाले, "साडू, गाडी घेतली का जत्रंतली पिपाणी?" त्यानंतर तीन तास माझी नवी गाडी समोरची जाळी काढून अंगणात उभी होती. पण काम मात्र चोख, हे मला कबूल केलं पाहिजे. आधी बॅटरीची ऋण बाजूची तार सोडायची. हॉर्नची तोंडं खाली करून बसवायची, "न्हाईतर पावसाचं पाणी पितंय आन् गुळण्या करीत बसतंय." फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ घालायचा. अर्थिंगची तार उघड्या लोखंडाला लावायची, म्हणून त्यांनी माझ्यादेखत नव्या गाडीचा रुपयाएवढा रंग खरवडला; तो मला माझ्या कातडीवर खरवडल्यासारखा वाटला. आणि रिलेशिवाय जोडी हॉर्न बसवणं त्यांच्या लेखी पाप. "बटणाची तार बारीक असती, तिला दोन हॉर्नचा भार झेपत न्हाई. बटणानं निस्तं खुणवायचं, बॅटरीतून जोर काढायचा तो रिलेनं. सोयरीक जमवताना कसं असतंय? पोरीचा बाप थेट पोराच्या बापाशी बोलाया गेला की कायतरी जळतंयच. मधी मध्यस्थ पायजे." माझी सोयरीक त्यांनीच मध्ये पडून जमवलेली असल्यामुळे मी मान डोलावून पक्कड पुढे केली.

रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात आणि कुठल्या आकड्याला काय जोडायचं याचा भाऊंनी पाढा केला आहे : तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीला भोंगा, पंच्याऐंशी-शहाऐंशीला जुन्या हॉर्नच्या तारा. तो म्हणताना ते डोळे मिटतात. सगळं जोडून झालं तरी हॉर्नची तार मुद्दाम मोकळी ठेवतात, मला बटण दाबायला सांगतात आणि रिलेजवळ कान नेतात. आत एक टिक होते, मण्याला नखाने मारलेल्या टिचकीएवढीच. "आली," भाऊ म्हणतात. "मध्यस्थ जागा हाय." मगच हॉर्न जोडायचा. काढलेला जुना हॉर्न ते फेकत नाहीत. बोरीच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यात, भिंतीला खिळे मारून ते हॉर्न ओळीने टांगलेले होते आणि प्रत्येकाखाली रंगाने मालकाचं नाव. कशाला ठेवता म्हणून विचारलं तर म्हणायचे, "माणसाचा पयला आवाज हाय तो. टाकावा कसा?"

एवढी काळजी घेऊनही एकदा घात झाला, आणि तोही त्यांच्याच गाडीने केला. पालमला त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं. तिसरं मंगलाष्टक चालू असताना मांडवाबाहेर कुणीतरी त्यांची गाडी मागे घ्यायला गेलं, बटण एकदा दाबलं आणि रिले आत चिकटून बसला. हॉर्न सुरू झाला तो थांबेना. गुरुजींचे फक्त ओठ हलताना दिसत होते. मागच्या मंडळींना वाटलं, हाच इशारा. त्यांनी अक्षता टाकल्या, ते बघून पुढच्यांनी टाकल्या, अंतरपाट धरणारा गोंधळला आणि त्याने अंतरपाट ओढून घेतला. भाऊ धावत जाऊन फ्यूज काढीपर्यंत हार घालून झाले होते. मुहूर्त बारा सदतीसचा होता. माझ्या घड्याळात बारा चौतीस झाले होते. त्या दोघांचा संसार आज उत्तम चालला आहे, त्यामुळे मुहूर्ताबद्दल माझं मत जरा बदललं आहे. भाऊंचं म्हणणं एवढंच, "मध्यस्थानं एकदा शब्द धरला की सोडला न्हाई, हाच काय तो त्याचा गुन्हा."

दर रविवारी दुपारी ते अक्कांना घेऊन परभणीला आमच्याकडे येतात. रेल्वे फाटक ओलांडलं की हॉर्न द्यायचे आणि तो आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू यायचा. बायको म्हणायची, "दाजी फाटकावर आले," आणि चहाचं आधण ठेवायची. फाटकापासून आमचं दार बरोबर चार मिनिटं. ते चपला काढायला आणि चहा उकळायला एकच गाठ पडायची. पण गेल्या दोनतीन वर्षांत हा आवाज वाढत चालला होता. जोडीचे तीन झाले, मग आधीच्यापेक्षा मोठी जोडी आली. चांगल्या खणखणीत हॉर्नलाही भाऊ "दबका वाजायलाय" म्हणू लागले. अक्कांनी विचारावं, "सोयाबीन कवा काढायचं?" आणि यांनी सांगावं, "व्हय, बरी हाय तब्येत." आम्ही हसायचो. मग एकदा बोरीत त्यांनी आपल्या शेजाऱ्याच्या गाडीला हॉर्न बसवला तेव्हा मी बटण दाबायला बसलो होतो. मी दाबलं. भाऊंनी रिलेजवळ कान नेला नाही. त्यावर बोट ठेवलं, बोटाला ठोका लागला, तेव्हा म्हणाले, "आली." त्यानंतर मला हसू आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात भाऊ आणि मी त्यांच्या गाडीने चारठाण्याला एका सोयऱ्याकडे निघालो. जिंतूरच्या पुढे मागून एसटी हॉर्न देत होती. मी मोजत होतो. अकरा वेळा दिला. भाऊ मधल्या पट्टीवरून कापसाच्या भावाबद्दल बोलत निवांत चालले होते. मी "भाऊ, बाजूला!" म्हणून ओरडलो तेव्हा ते दचकून कडेला गेले आणि एसटी एक हात अंतरावरून सरकन निघून गेली. कंडक्टर दारातून वाकून ओरडला, "ओ काका, कानात बोळे घातले का? निस्तं वाजवता, कधी ऐकत बी जावा!"

"काय म्हणला?" भाऊंनी विचारलं.

"राम राम म्हणाला," मी सांगितलं. काट्यावर इतकी वर्षं बसून मी एक किलो इकडचा तिकडे केला नाही, पण हे खोटं बोललो.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अक्का म्हणते, आता यांच्या हातात गाडी द्यायची नाही. तुम्हीच सांगा त्यांना." गाडी गेली म्हणजे रविवार गेला, एकोणीस घरं गेली, डबा गेला, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. सरळ बोलणारा म्हणून माझी ख्याती, पण मला दोन रविवार लागले. तिसऱ्या रविवारी मी म्हणालो, "भाऊ, तुमच्या कानाची एखादी तार सैल झाली आहे. एकदा दाखवून येऊ."

ते डब्याचं झाकण लावत, उघडत बसले. मग म्हणाले, "रिलेच गेला म्हणता?"

"फ्यूजही असेल. उघडल्याशिवाय काय सांगावं?"

"आमच्या बापाचा गेला हुता," भाऊ म्हणाले. "शेवटी कुणी बोलायचं न्हाई त्याच्याशी. निस्ते हात हलवायचे. आखाड्यावर बसून राहायचा दिवसभर. गाडी घेतली तर घ्या साडू, पण आपल्याला तसं बसायचं न्हाई."

कानाच्या डॉक्टरांकडे जाताना त्यांनी गाडी मला चालवायला दिली. डॉक्टरांनी दोन्ही कानांत बघितलं. मग पाच दिवस थेंब घालायला सांगितले आणि सहाव्या दिवशी बोलावलं. सहाव्या दिवशी डाव्या कानातून निघाला तो मळाचा दगड. उजव्या कानात दगड होताच, पण त्याच्या मागून चिमट्याला लागून एक काळपट बोळा बाहेर आला. डॉक्टर म्हणाले, "कापूस आहे हा." भाऊंनी तो हातात घेऊन उजेडाला धरला. थंडीत मोटारसायकलवर शेतात जाताना ते कानात कापूस घालत. त्यातला एक कुठल्यातरी हिवाळ्यात काढायचा राहून गेला होता. "घरचाच हाय," ते म्हणाले, "धागा लांब हाय." डॉक्टरांनी मग तपासणी केली आणि सांगितलं, कान चांगले आहेत, वयाच्या मानाने उत्तमच आहेत, गाडी चालवा. मी बाहेरच्या बाकावर बसलो आणि दोन ग्लास पाणी प्यालो. इतकं हलकं मला मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हाही वाटलं नव्हतं. कंडक्टरचा अंदाज किती नेमका होता, हे मात्र मी मनातच ठेवलं.

आमच्या दारात आल्यावर भाऊंनी आधी गाडीचं झाकण उघडायला लावलं. दुपारची वेळ, गल्ली शांत. त्यांनी हॉर्नची तार काढली आणि मला म्हणाले, "दाबा." मी दाबलं. ते रिलेवर वाकले होते, कान लावून, हात पाठीमागे बांधून. "अजून एकदा." मी पुन्हा दाबलं. "आली," भाऊ म्हणाले, आणि वर बघेनात. मी आणखी चार वेळा दाबलं. प्रत्येक वेळी ते म्हणाले, "आली."

मग त्यांनी तार जोडली, आत येऊन बसले आणि स्वतःच्या हाताने हॉर्न दिला. शेजारचं कुत्रं ओट्याखाली शिरलं. माझी बायको पोळी लाटता लाटता बाहेर आली. भाऊ दोन्ही हात वर करून बसले होते, जणू बटणाने त्यांना चावा घेतला.

"साडू, हे मी बसवलं?"

"तुम्हीच."

"आन् तुमी समदे गप बसले?"

"गप कुठं, दाजी?" बायको म्हणाली. "आम्ही ओरडत होतो. तुमच्या हॉर्नात ऐकू कुणाला येणार?"

पुढचा दीड महिना ते डबा घेऊन उलट्या वारीला निघाले. घरोघरी जाऊन मोठी जोडी काढली, आखाड्यावरचा जुना हॉर्न ज्याचा त्याला परत बसवला. रिले मात्र कुणाचा काढला नाही. "मध्यस्थाला घालवायचं नसतंय, कवा लागंल सांगता येत न्हाई." बोरीला गेलो तेव्हा भिंतीवर एकोणीस रिकामे खिळे आणि त्यांखाली नावं होती. माझ्या नावाच्या खिळ्यावर अक्कांनी भाकरीची टोपली टांगली आहे. माझी गाडी आता पुन्हा 'पीं' करते.

मागे एकदा चहा घेताना भाऊ मध्येच म्हणाले, "तो कंडक्टर राम राम म्हणला नव्हता ना?"

"नव्हता."

"ठावं हाय. तोंड बघितलं हुतं मी त्याचं. पण तुमी म्हणला, तर म्हणलं ऱ्हाऊ द्या." आणि बशी तोंडाला लावली.

आता त्यांचाही जुनाच हॉर्न आहे. फाटकावरून तो आमच्यापर्यंत येतो न येतो. पहिले काही रविवार ते दारात येऊन उभे राहिले तरी चहाचा पत्ता नसायचा, आणि बायको ओशाळायची. त्यामुळे हल्ली रविवारी चारच्या सुमारास मी टीव्ही बंद करतो, पंख्याचं बटण एकवर आणतो. बायको नळ बंद करून ओल्या हातांनी उभी राहते. मग कुठूनतरी, पलीकडच्या गल्लीत कुणी पिपाणी वाजवावी तसं, पीं.

"आले," मी म्हणतो, आणि ती आधण ठेवते.