लॉकरची किल्ली

पार्कच्या दारातच जादा पैशांच्या सोयींची पाटी होती. रांग टाळायचा पट्टा, जेवणाचं कूपन, पाळण्यावरचा फोटो, असं बरंच काही. आम्ही त्यातला फक्त लॉकर घेतला, तोही आईसाठी. कारण जत्रा असो की समुद्रकिनारा, "तुम्ही जा रे, मी पिशव्या सांभाळते," म्हणत ती कायम बाकावर बसून राहते. आज सांभाळायला पिशवीच ठेवायची नाही, असं मी ठरवलं होतं.

लॉकर बंद झाला. "चल आता," मी म्हणालो.

"अरे, पण ही किल्ली? वर गेल्यावर पडली म्हणजे? तू जा, मी बसते इथेच."

मी चिडलो आणि एकटाच पाळण्याच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. तिला त्या बाकावर पहिल्यांदा कोणी बसवलं असेल? बहुधा मीच. चपला काढून तिच्यापुढे टाकल्या असतील आणि मागे न बघता पळालो असेन. आता पैसे मोजूनही तिला तिथून उठवता येत नव्हतं.

पाळणा वर गेला. खाली आई एका हाताने मला टाटा करत होती. दुसऱ्या हाताची मूठ तिने घट्ट मिटली होती.