कुणाला उद्देशून नाही

आमच्या गल्लीत भांडण तोंडाने होत नाही, पाटीने होतं. जोगजा शहरात बहुतेक ठिकाणी हीच रीत, पण कोडे नदीकाठच्या आमच्या गल्लीने तिची हद्द केली आहे. शेजाऱ्याचा कोंबडा आपल्या ओट्यावर घाण करतो म्हणून शेजाऱ्याला बोलायला जाणं हे अडाणीपणाचं. भिंतीवर पाटी लावायची : 'ज्यांनी कोंबडे पाळलेत त्यांनी त्यांना वळणही लावावं.' नाव कुणाचंच लिहायचं नाही. लेकी बोले सुने लागे. आणि ज्याला लागलं त्याने मुकाट बसायचं, कारण पाटीबद्दल जाब विचारायला जो येतो, तो मीच म्हणून कबुली देऊन बसतो.

बु तुकिनेमला या पाट्यांचं वेड होतं. आमच्याकडे बाईमाणसाला मानाने बु म्हणतात, पुरुषाला पाक. गल्लीच्या तोंडाशी तिची गुदेगची टपरी, समोर माझं शिवणकामाचं दुकान. गुदेग म्हणजे कोवळा फणस; नारळाच्या दुधात नि गुळात तो मंद शिजवावा तर तिनेच. नवरा गेल्यावर ती वर्षभर हसली नव्हती. मग एकदा बाजारातून फणस घेऊन येताना तिला दफनभूमीच्या फाटकावर पाटी दिसली, 'पुढे रस्ता नाही', आणि पाटीखाली एक म्हातारा कपाळावर आठ्या घालून ती पुन्हा पुन्हा वाचत होता. तिने फोन काढला. काचेला तडा गेलेला तो जुनाट फोन, पण फोटो असा आला की मी हातातलं कापड टाकून हसले.

तेव्हापासून तिला नादच लागला. 'कुत्र्यांखेरीज कुणीही इथे लघवी करू नये' या पाटीकडे पाठ फिरवून निघून जाणारा कुत्रा. 'ही जमीन विकणे नाही' या फळीला अंग घासणारी शेळी. 'हळू चालवा, लहान मुलं खेळतात' या पाटीखाली बुद्धिबळाच्या पटावरून एकमेकांवर खेकसणारे दोन आजोबा.

"तुला हे सापडतं कसं गं?" मी विचारायची.

"सापडत नाही विनार. नुसती पाटी हसवत नाही, तिच्याखाली कुणीतरी यावं लागतं. मी आपली वाट बघत उभी राहते. माणूस येतोच."

ती फोटो गल्लीच्या वॉट्सॅप ग्रुपवर टाकायची आणि सकाळ सगळ्यांची छान जायची. एका माणसाची सोडून.

पाक मुल्यात्मो हे आमचे गल्लीप्रमुख. पोस्टातून निवृत्त झालेले, बोटात बोराएवढ्या हिरव्या खड्याची अंगठी, आणि हातात कायम पांढऱ्या रंगाचा डबा. गल्लीतल्या निम्म्या पाट्या त्यांच्या. थुंकू नका, गाडीवरून उतरून चाला, नदीत कचरा टाकणारा माणूस नव्हे. त्यांच्या 'शांतता राखा' या पाटीच्या वर त्यांच्याच होल्याचा पिंजरा टांगलेला असे. तुकिनेमने काय केलं, होला गळा फुगवून ओरडत असताना नेमका तो फोटो टिपला. गल्ली दोन दिवस हसत होती. पाक मुल्यात्मोंनी ग्रुपवर हसरा चेहरा टाकला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्या आठवड्यात टपरीसमोरच्या विजेच्या खांबावर नवी पाटी आली : 'आंबलेलं विकणाऱ्याकडे देव बघतोय.'

आता त्या खांबासमोर खाण्याची टपरी एकच. नाव नाही, गाव नाही. लोक वाचायचे, टपरीकडे बघायचे आणि पुढच्या चौकात जाऊन खायचे. तुकिनेमचं पातेलं भरलेलं परत जाऊ लागलं. टपरी मोडावी की ठेवावी, एवढ्यावर गोष्ट आली. ती टपरी गेली असती तर त्या बाईचं घर चालणं बंद झालं असतं.

माझं रक्त उसळलं. "चल, आत्ता जाऊ त्याच्या दारात. काय आंबलंय, दाखव म्हणावं!"

"आणि गल्ली म्हणेल, बघा, हिलाच लागलं. नको."

तरी मला राहवलं नाही. मी पाक मुल्यात्मोंना रस्त्यात गाठून, कशी आडून आडून, पाटीचं विचारलंच. ते केवढे गोड हसले! "छे हो बु विनार, कुणाला उद्देशून नाही. सर्वसाधारण आहे."

मी ते तुकिनेमला जसंच्या तसं सांगितलं. ती पातेलं घासत होती. घासायची थांबली, माझ्याकडून ते वाक्य पुन्हा एकदा म्हणवून घेतलं, आणि म्हणाली, "बरं झालं. आता मला रीत कळली."

त्यानंतर ती पाट्यांखाली उभी राहायला लागली. पण आता फक्त एकाच माणसाच्या पाट्यांखाली.

सामुदायिक सफाईच्या रविवारी कामकऱ्यांना खाणं द्यायची आमच्याकडे पाळी असते. त्या महिन्यात पाळी तुकिनेमची आली. तिने केळीच्या पानात गुदेगचे पुडे बांधून गल्लीच्या राखणीच्या चौकीत मांडले. सगळे चहा प्याले. पुड्यांना कुणी हात लावला नाही. समोर पाटी दिसत होती ना! मी एकटीने खाल्लं, तेही डोळ्यांत पाणी आणून. ती मात्र शांत होती, हातात फोन होता, आणि ती चौकीच्या मागल्या बाजूला निघून गेली. परत आली तेव्हा कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा हसत होती. फोटो बघून मीही देवाचे आभार मानले. सूड देवाला आवडत नाही म्हणतात, पण त्या दिवशी तो आमच्याच बाजूला होता.

ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाला सुंदर गल्लीची स्पर्धा असते. वॉर्डाच्या अधिकारी बाई तपासायला येणार होत्या. तुकिनेमच्या फोटोंची दोरी भिंतीवर बांधावी असं ठरलं. पाक मुल्यात्मोच म्हणाले, "लावा, लावा. गल्ली हसरी दिसली पाहिजे." फोटो त्यांनी आधी पाहिलेही. शेवटचे तीन मात्र, सगळे झेंड्याला सलाम करत होते तेव्हा, मी चिमट्यांनी अडकवले.

अधिकारी बाई कुत्र्याला हसल्या, शेळीला हसल्या. मग शेवटच्या तीन फोटोंपाशी आल्या. पहिला : 'गाडीवरून उतरून चाला', आणि पाटीखालून सुसाट जाणाऱ्या स्कूटरच्या मुठीवर एक हात. दुसरा : 'नदीत कचरा टाकणारा माणूस नव्हे', आणि नदीवर लोंबणारी कचऱ्याची पिशवी, ती सोडणारा एक हात. तिसरा : दूरवर खांबावरची ती आंबलेल्याची पाटी, आणि अगदी जवळ, गुदेगचं पान चाटूनपुसून लख्ख करणारा एक हात. शेजारी दुसरं रिकामं पान. चेहरा कशातच नाही. फक्त हात, आणि बोराएवढा हिरवा खडा.

अधिकारी बाई हसून म्हणाल्या, "कुणाचा हो हा हात?"

कुणी वर बघत नव्हतं. नाव घ्यायचं नाही ही रीत आम्ही त्या दिवशी जीव तोडून पाळली. पाक मुल्यात्मोंनी नुसतं हसून पुढे पाऊल टाकलं असतं तर ते सुटले असते. पण खाई त्याला खवखवे.

"अशा अंगठ्या शेकडो लोकांकडे असतात!" ते एकदम ओरडले. "आणि मी दोन खाल्ले कारण... कारण ते वाया जात होते! चांगलं अन्न!"

अधिकारी बाईंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. सगळ्या गल्लीने पाहिलं. त्यांनी हात पाठीमागे नेला तेव्हा फार उशीर झाला होता.

तुकिनेम पुढे आली, मान तुकवून, आवाज मधात बुडवून. "छे हो पाक. कुणाला उद्देशून नाही. सर्वसाधारण आहे."

हसू आधी बुद्धिबळवाल्या आजोबांकडून फुटलं, मग माझ्याकडून, मग कुणाचं कुणाला आवरेना.

संध्याकाळी ते शिडी घेऊन खांबाशी आले. तुकिनेमने टपरीतूनच सांगितलं, "राहू द्या की. चांगलं लिहिलंय. देव बघतोच." आणि सगळ्यांसमोर पाटी काढायची त्यांची छाती झाली नाही. पाटी अजून आहे. तिच्याखाली तो तिसरा फोटो आम्ही ठोकलाय, आणि तो बघायला येणारा माणूस खाल्ल्याशिवाय जात नाही.

मी म्हटलं, आता पुरे, माफ कर. तुकिनेम नुसतं 'हूं' म्हणाली. परवा पाक मुल्यात्मोंची बायको डबा घेऊन आली. बिचारी खाली बघत म्हणाली, "दोघांचं दे गं."

तुकिनेमने फणस वाढला, अंडं ठेवलं, वर नारळाच्या दुधाची तिखट साय ओतली, सगळं मन लावून. पण एकाच माणसाचं.

"तुमचं दिलंय, बु," ती प्रेमाने म्हणाली. "पाकना नको. आंबलेलं बाधेल त्यांना."