पडीक नव्हे, बोंबलाचं खळं

तारोडीची शेवंतीकाकी भाईंदरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसली की आजूबाजूच्या बायका ओरडायचं सोडून द्यायच्या. तिच्या आवाजापुढे उपयोगच नसायचा. शाकाहारी गुजराती बाई चुकून त्या गल्लीत शिरली तर तिलाही काकी सोडत नसे. "आवो बेन, लेवानुं नथी तो कंई नहीं, बेसो तो खरा!" घ्यायचं नसलं तरी बसायचा हा आग्रह ऐकून बाई नाकाला पदर लावून पळायची आणि काकी मनापासून वाईट वाटून घ्यायची.

तिचा नवरा पंढरीनाथ होडीवर जायचा आणि परत आला की झोपायचा. काकीशी वाद घालण्यापेक्षा समुद्र बरा, असं तो चारचौघांत सांगायचा.

गावाच्या टोकाला, समुद्राच्या अंगाला, मासळी सुकवायचं खळं होतं. बांबू रोवून, दोऱ्या ताणून त्यांवर बोंबील टांगायचे. जागा सगळ्या गावाची, पण हुकूम काकीचा.

दोन हजार सातच्या श्रावणात दिपेश त्या खळ्यावर आला. मूळ रत्नागिरीकडचा, राहायला भाईंदर पूर्वेला, नोकरी नकाशे करणाऱ्या एका खाजगी कंपनीत. सगळ्या भागाचा नवा विकास आराखडा व्हायचा होता. त्याआधी कुठल्या जमिनीवर आज काय चाललंय ते बघून नकाशावर रंग भरायचे, हे त्याचं काम. हे काम उन्हाळ्यात व्हायला हवं होतं. पण कंपनीला ते मिळालंच पावसाळ्यात.

खळ्यात तेव्हा गुडघाभर गवत, मधोमध डबकं आणि दोन शेळ्या. होड्या पावसासाठी किनाऱ्याला ओढलेल्या, बांबू उपटून घराघरांत ठेवलेले. दिपेशने छत्री मानेत अडकवली आणि नकाशावर काहीतरी लिहिलं. मागून काकी आली.

"काय लिवलंस?"

"पडीक जमीन."

"पडीक? ह्ये खळं हाय आमचं! सगल्या गावाचे बोंबील हितं सुकतात."

"पण आत्ता कुठे आहेत, मावशी? नियम आहे आम्हाला. आज जागेवर जे दिसतं तेच लिहायचं."

"मंग माझा नवरा आता झोपलाय घरात. त्याला पन पडीक लिव!"

दिपेशला हसू आलं, ते त्याने दाबलं. "परवा आमच्या मॅडम तपासायला येणार आहेत. त्यांना सांगा."

काकी घरी आली ती धुसफुसतच. तिची बहीण वासंती जवळच्या खारी गावात दिली होती. तिच्या दारासमोरची मोकळी जागा बघता बघता इमारतींनी भरली आणि आता तिच्या अंगणात भर दुपारीसुद्धा पापड वाळत नव्हते. पडीक या शब्दाचं पुढे काय होतं, ते काकीला ठाऊक होतं.

"दिसतं त्येच लिवतात ना? मंग दाकवू," ती म्हणाली आणि सगळ्या आळीला कामाला लावलं. जाळी आली, डिझेलची रिकामी पिंपं आली, होडीचं खोललेलं इंजिन आलं, फाटकी ताडपत्री आली. कुणाची तरी खाटही आली. खाट रिकामी बरी दिसत नाही म्हणून तिच्यावर पंढरीनाथला निजवला. तो आनंदाने निजला.

ठरल्या दिवशी संचिता मॅडम आल्या. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि दिपेशकडे वळल्या. "तुम्ही पडीक लिहिलंत? हे तर भंगाराचं गोदाम आहे. वॉचमनसुद्धा आहे."

काकीने कपाळावर हात मारला, पण हटली नाही.

"थांबा मॅडम. चा घ्या. हलू नका," म्हणून ती घरात गेली आणि पावसाळ्यात विकायला जपून ठेवलेल्या सुक्या बोंबलांच्या टोपल्या बाहेर काढल्या. नेमकं तेव्हाच ऊन पडलं. बायकांनी पिंपं बाजूला लोटली, ताडपत्र्या झटकून पसरल्या आणि त्यांवर बोंबील घातले. गावातली झाडून सगळी मांजरं जमा झाली. कावळे आले. काकी एका हाताने काठी फिरवत, दुसऱ्या हाताने दाखवत सांगू लागली, "ह्ये बगा! ह्याला म्हनतात वापर!"

मॅडम लिहिणार, तेवढ्यात समुद्रावरून काळोखी आली.

"पाऊस! उचला, उचला!"

मग कोण नकाशावाले, कोण कोळी, काही राहिलं नाही. दिपेशने आपली छत्री बोंबलांवर धरली आणि स्वतः भिजला. मॅडमनी ओढणीत बोंबील भरले. ओढणी पुरेना, तेव्हा हातातल्या नकाशाची सुपासारखी घडी करून त्यात भरले. पंढरीनाथ खाटेवरून उठला, पाऊस बघितला आणि खाट डोक्यावर घेऊन घरी गेला.

काकीच्या ओटीवर ओल्या कपड्यांनी चहा पिताना मॅडम म्हणाल्या, "पटलं हो. पण आमच्या यादीत असा प्रकारच नाही. घर, दुकान, कारखाना, शेती... मी 'इतर' लिहिते."

नकाशा जाहीर झाला आणि हरकती मागवल्या, तेव्हा पहिली हरकत काकीची. "इतर म्हंजे कोन? आमी काय उपरे हाय?"

सुनावणीला ती बोंबलाची पाटी डोक्यावर घेऊनच गेली. खोली बंद, एसी चालू, खिडक्या न उघडणाऱ्या. काकीने पाटीवरचं फडकं काढलं. वास सुनावणी घेणाऱ्या साहेबांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

"बाई, हे बाहेर ठेवा."

"पुरावा हाय, साहेब. बाहेर कसा ठेवनार?"

साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि रांगेतल्या बिल्डरांना थांबवून विचारलं, "बरं, काय लिहायचं ते सांगा. लवकर."

"मासली सुकवायचं खळं. गावाचं."

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, फक्त 'मासली'ची 'मासळी' केली. बाहेर पडेपर्यंत काकीने पुरावा शिपायांना आणि दोन कारकुनांना विकूनही टाकला.

पुढे दुरुस्त नकाशा आला. खळ्याला रंग फिका निळा आणि त्यावर बारीक अक्षरं. दिपेशने आठवणीने झेरॉक्स आणून दिली. झेरॉक्समध्ये समुद्र, डोंगर, खळं, सगळं एकाच राखाडी रंगाचं, अक्षरं तर पुसलेलीच. काकीने ती फ्रेम करून ओटीवर लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बोट ठेवून खळं दाखवायची. दर वेळी बोट वेगळ्याच जागी पडायचं. एकदा तर ते भर समुद्रात पडलं. पण तिला अडवायची छाती तारोडीत कुणाची नव्हती.