तोडी, शेवटापर्यंत

सावेडीत विष्णुपंतांच्या घरी महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी गाण्याची बैठक असते. चाळीस माणसं आणि जायफळाची कॉफी. कॉफी गेली बावीस वर्षं विजयाताई करतात. बाहेरगावचे गायक घरी पोचल्याचा फोन करतात तेव्हा कॉफीची आठवण काढतातच.

रीत ठरलेली. रागातलं संथ विलंबित संपत आलं की विष्णुपंत मान न वळवता उजव्या हाताची दोन बोटं उचलतात. विजयाताई उठतात. मध्यंतराला कॉफी कडक गरम लागते. त्यामुळे बावीस वर्षांत त्यांनी मध्यंतराआधीचा प्रत्येक राग अर्धवटच ऐकला. पुढचं जलद द्रुत म्हणजे ओट्यापाशी, पेल्यांच्या खणखणाटात, भिंतीपलीकडून येणारी 'क्या बात है'.

"हिला गाण्यातलं फारसं कळत नाही," विष्णुपंत पाहुण्यांना सांगतात, "पण कॉफी घेऊन बघा."

या खेपेला एक तरुण गायिका तोडी राग गाणार होती. आठवडाभर आधी विजयाताई म्हणाल्या, "अहो, या वेळी कॉफी बाहेरून सांगू. मला तोडी पूर्ण ऐकायचीय."

"कागदी कपात? काहीतरीच! आणि तोडी कुठे पळून चाललीय? दुपारी मोबाईलवर ऐक की."

रविवारी विजयाताईंनी दूध तापवून ठेवलं, साखर-कॉफी काढली, जायफळ किसून वाटीत ठेवलं, शेजारी लायटर. मग इरकल नेसून शेजारच्या ज्योतीजवळ दुसऱ्या रांगेत बसल्या.

बोटं वर झाली. पुन्हा झाली. मग मानही वळली.

"काकू, काका बोलावतायत," ज्योती कुजबुजली.

"बघितलं. सगळं ओट्यावर काढलंय म्हणावं."

गुडघ्यावर हात टेकत विष्णुपंतच उठले. गायिकेने द्रुत बंदिश धरली. ताना सुटू लागल्या तोच दूध उतू गेल्याचा वास आला. अजून नुसतं शेगडीवर सांडलंय, तळ धरलेला नाही, हे विजयाताईंना बसल्या जागी कळलं. आत्ता उठलं तर वाचेल, हेही कळलं. ज्योती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्या गायिकेच्या हाताकडे बघत होत्या.

मग करपल्याचा वास आला. चार-पाच माना स्वयंपाकघराकडे वळल्या. गायिका छोटासा तराणा घेऊन समेवर आली आणि थांबली. विजयाताईंनी घड्याळ पाहिलं. बोटं वर झाल्यापासून तेरा मिनिटं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, त्या उठून गेल्यावर तासभर तरी काही चालत असेल.

कॉफी लोकांनी प्यायली. पेला मात्र कुणी पुन्हा पुढे केला नाही. विष्णुपंत मोरीपाशी पातेलं खरवडत होते.

"शेवटी तराणा घेतला का गं? इथे काही ऐकूच आलं नाही."

"घेतला. छान झाला." त्यांनी पातेल्यात वाकून पाहिलं. "गॅस बारीक ठेवायचा आणि हलवत राहायचं. पुढच्या महिन्यात लक्षात ठेवा."

बाहेरच्या खोलीत तंबोरे पुन्हा जुळायला लागले होते. विजयाताई पदराला हात पुसत जाऊन आपल्या जागी बसल्या.