राघवेंद्र मास्तरांचा परागाचा फळा

राघवेंद्र मास्तर मूळचे तुळजापूरचे. निजामी गेली, शाळा मराठी झाल्या आणि मराठीतून विज्ञान शिकवणारी माणसं मिळेनात, तेव्हा ते आमच्या भूमच्या शाळेत आले. मी तिथंच गणित शिकवत होतो. घरात ते आणि त्यांची बायको चंद्रप्रभा, दोघंच. मूलबाळ नव्हतं. चंद्रप्रभाबाईंना दमा होता.

दमा थंडीनं होतो, दह्यानं होतो, जो तो काहीतरी सांगे. मास्तरांनी वहीत तारखा लिहून ठेवल्या. तीन वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, की बाजरी फुलोऱ्यात आली की हिला धाप लागते. कणसावरची पिवळी भुकटी वाऱ्यानं गावात येते आणि हिच्या छातीत बसते.

शाळेला सूक्ष्मदर्शक मिळाला आणि त्यांचा दिवसच बदलला. काचेच्या पट्टीला व्हॅसलीन लावून ती ते शाळेच्या माळवदावर, सपाट छतावर, ठेवत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावरचे परागकण मोजत. मग वाऱ्याची दिशा आणि शिवारातला फुलोरा बघून शाळेच्या दारातल्या फळ्यावर लिहीत, 'उद्या पराग जास्त. दम्याच्या माणसांनी दारं लावून घ्यावीत.'

"मास्तर आता वारं मोजायलेत," म्हणून बाजारात लोक हसले. पण धुरपदाबाई नावाची एक म्हातारी शेतकरीण होती, तीही दमेकरी. ती रोज येणाऱ्या-जाणाऱ्याकडून फळा वाचून घ्यायची आणि तसं वागायची. ती वर्षभर अंथरुणाला खिळली नाही, तेव्हा हसणारे गप्प झाले.

चंद्रप्रभाबाईंना मात्र दारं लावूनही पुरत नव्हतं. समुद्राकाठी हवा स्वच्छ असते, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाईंची थोरली बहीण अनसूया रत्नागिरीला दिलेली होती. तेव्हापासून दर श्रावणात मास्तर त्यांना कुर्डुवाडीहून छोट्या रेल्वेनं मिरजेला आणि पुढं रत्नागिरीला पोचवत. फुलोरा सरला की आणायला जात. बरोबर काचेच्या पट्ट्या देत. बाई तिथल्या ओसरीवर पट्टी ठेवायच्या आणि चिंध्यांत गुंडाळून पार्सलनं पाठवायच्या. मास्तर त्या मला दाखवत. "बघा, समुद्राकडनं वारा होता त्या दिवशीची. कोरी आहे." पुढं पुढं बाई स्वतःच ओळखू लागल्या. आज वारा डोंगराकडून आहे, आज लहान मुलं खोकतील, असं त्या शेजाऱ्यांना सांगायच्या आणि ते बरोबर निघायचं. पत्रात हे वाचून मास्तर आठवडाभर खुशीत असत.

१९६० साली पाऊस रुसला. पहिली पेरणी गेली, बाजरी दुबार पेरावी लागली. नवरात्र सप्टेंबरातच आलं होतं. चंद्रप्रभाबाईंचं पत्र आलं, 'तीन वर्षं झाली, घरचा घट माझ्या हातानं बसला नाही. आक्का राहा म्हणते. तुम्ही ये म्हणालात तर येते.'

मास्तरांनी ते पत्र मला प्रयोगशाळेत वाचून दाखवलं. मी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. पट्टी पिवळी झाली होती.

"राघवेंद्रराव, फुलोरा आता कुठं लागलाय."

"पीक विरळ आहे यंदा. आठवड्यात उतरेल."

"आणि नाही उतरला तर?"

त्यांनी पोस्टकार्ड पुढं ओढलं. कार्डावर दोनच ओळी लिहिल्या. पोस्ट माझ्या वाटेवर होतं. मीच ते कार्ड पेटीत टाकलं.

बाई आल्या त्या दिवशी मास्तरांनी नवं धोतर नेसलं होतं. घट बसला. खिडक्यांच्या फटींत त्यांनी चिंध्या कोंबल्या. पण नवरात्रात सवाष्णी येणार, दार कितीदा उघडणार याला काही मोजमाप आहे का? रोज सकाळी ते शाळेच्या फळ्यावर 'पराग जास्त' लिहीत. घरी बाईंनी विचारलं, की "कमी आहेत" म्हणत. गावाला खरं सांगत होते, घरात नाही.

पाचव्या माळेला दुपारी वारा सुटला. धाप लागली ती थांबेना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुई दिली, बार्शीला न्या म्हणाले. जीप मिळाली. मी पुढं बसलो होतो. मागं मास्तरांच्या मांडीवर डोकं ठेवून बाई श्वासासाठी झगडत होत्या.

"आज काच... बघितली का?"

"बघितली. कमी आहेत."

"मग हो... असं का होतंय?"

मास्तर त्यांच्या छातीवरून नुसता हात फिरवत राहिले. बार्शी चार-पाच मैलांवर असताना त्या गेल्या.

तेरावा झाला तरी फळा कोरा होता. एके दिवशी शाळा भरायच्या वेळेला धुरपदाबाई काठी टेकत आली.

"गुरुजी, उंद्याचं काय?"

"माझ्या सांगण्यावर जाऊ नका, बाई. माझंच माणूस गेलं."

"व्हय, गेलं." ती पायरीवर बसली. तिला दम लागला होता. "पर म्या कुणाला इचारू? हितं दुसरं कोन हाय?"

मास्तर माळवदावर जाऊन पट्टी ठेवून आले. दुसऱ्या दिवसापासून फळा सुरू झाला. पण त्यावर फक्त त्या दिवशीचा आकडा असे. उद्याचं त्यांनी पुन्हा कधीच लिहिलं नाही.

पुढं त्यांची भूमजवळच्याच वाशीला बदली झाली. दोन-तीन वर्षांनी मी भेटायला गेलो. केस पिकले होते. स्वतःच चहा केला, दोन कपांत ओतला. इतके दिवस मनात होतं ते मी बोललो, "कार्ड मी टाकलं. मला अडवता आलं असतं."

"तुम्ही फाडलं असतं तर मी दुसरं लिहिलं असतं," ते म्हणाले. "आकडा मला दिसत होता. पण दोन महिने घरात बोलायला कुणी नव्हतं हो. तिनं येऊ का विचारलं, आणि मला नको म्हणवेना."

चहा तसाच निवून गेला. भूमची शेवटची गाडी सुटायची वेळ झाली होती. ते मला स्टँडपर्यंत सोडायला आले आणि गाडी सुटेपर्यंत थांबले.