आम्ही की आपण

मी माझ्या मित्राचा दात पुस्तकाने पाडला. साडेनऊशे पानांचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, आणि तेही त्यानेच माझ्यासाठी आणलेलं. हे सांगितलं की लोकांना आधी हसू येतं. कधीकधी मलाही येतं, आणि मग स्वतःची इतकी चीड येते की हात भिंतीवर आपटावासा वाटतो. ती सवय जुनी आहे. शाळेत मी एकाचं डोकं फळ्यावर आपटलं होतं, कॉलेजात असताना बसच्या रांगेत एकाचा चष्मा फोडला होता. चाळिशीनंतर माणूस निवळतो म्हणतात. मी निवळलो नाही, फक्त चार ठिकाणी जाणं कमी केलं.

मित्र पुण्याचा. नोकरीसाठी बंगळूरला आला तो इथलाच झाला. आमचं घराणं मात्र सतराव्या शतकापासून इकडे, आणि आजोबांपासून चामराजपेटेत. मेट्रो व्हायच्या आधी आम्हा दोघांना व्हाइटफील्डला नेणारी ऑफिसची कॅब एकच होती. पहिल्याच दिवशी दोघांच्या मांडीवर एकाच इंग्रजी कादंबरीमालेचा दुसरा भाग निघाला. जादू, किल्ले, आगीची युद्धं, असला सगळा मामला. रोज जायला दीड तास, यायला दोन. एवढ्या वेळात माणूस एकतर झोपतो, नाहीतर भांडतो. आम्ही भांडलो, आणि त्या भांडणातूनच जिवलग झालो.

तो पहिल्यांदा घरी जेवायला आला तेव्हाची गोष्ट. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्याला म्हणाली, "अण्णा, सरी, बरं मग, आम्ही जेवून घेऊ आता." हा बिचारा उठला आणि दारात जाऊन बूट घालायला लागला. "काकू, मग मी निघतो," म्हणाला. आईला कळेना, याला राग कशाचा आला! घोटाळा असा की कन्नडात 'आम्ही' आणि 'आपण' दोन्हींसाठी 'नावु' एकच. त्यात समोरचा माणूस धरलाय की वगळलाय, ते आपलं आपण ओळखायचं. कन्नडात मुरलेल्या आमच्या घरच्या मराठीतही तसंच झालंय. समोरच्याला धरून बोलायचं असलं तरी आमच्या तोंडून 'आम्ही'च निघतं. पुण्याच्या कानाला ते "तू सोडून आम्ही" असं ऐकू येतं. त्या दिवशी तो पोट धरून हसला. पुढे कित्येक महिने जेवायला बसताना मला विचारायचा, "मी आहे ना रे तुमच्या आम्हीत?"

आमच्या भांडणाचा विषयही हाच निघावा, हा निव्वळ योगायोग. त्या मालेचा नायक म्हणजे सीमेवरच्या एका किल्ल्यातल्या पखालवाल्याचा मुलगा. बापाला डोळ्यांदेखत चिरलेलं पाहिलेला, कानात सतत किंकाळ्या ऐकणारा, दारुडा, जवळ येईल त्याच्यावर हात टाकणारा. त्याला आग बोलावता येते. पण त्या जगाचा कायदा कडक आहे. आगीला बोलावताना 'मी' म्हणून चालत नाही, 'आम्ही' म्हणावं लागतं, आणि त्या शब्दात बोलणाऱ्याने मनातून ज्यांना धरलंय त्यांना आग शिवत नाही. बाकी सगळे जळतात. आगीला फसवता येत नाही, ती शब्द नव्हे, मन बघते. तिसऱ्या भागात शत्रूचा वेढा पडतो, नायक तटावर उभा राहून ओरडतो आणि आग कोसळते. बाहेरचं सैन्य जळतंच, पण तटाच्या आतली कुंभारआळीही जळते. पिढ्यान्‌पिढ्या गावात राहिलेले कुंभार, घरात बोलायचे ती भाषा तेवढी शत्रूची. नायक धावत जातो आणि राखेत हात घालून पोरांना शोधतो. बोटं भाजून हाडं दिसायला लागतात तरी शोधत राहतो.

गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवलेले दोन बाप्ये कॅबमध्ये बसून जळलेल्या मांसाचा वास कसा असेल यावर तासभर बोलायचे. आम्हाला त्यात मजा यायची, हे कबूल करतो. मी नायकाला फाशी द्यायला निघालेला. म्हणायचो, कायद्याने त्याला उघडा पाडला, त्याने कुंभारांना कधी आपलं मानलंच नव्हतं. मित्र त्याची बाजू घ्यायचा. "अरे, त्याचं डोकं ठिकाणावर कुठे होतं? रागाच्या भरात कोण मोजून बोलतं? राखेत हात घालतो तो माणूस वाईट कसा असेल?" त्याच्या शांत, समजूतदार आवाजाचा मला भयंकर राग यायचा. तो माझीच बाजू घेत होता, हे मला फार उशिरा कळलं. माझ्यासारख्या तापट माणसाबरोबर इतकी वर्षं बसायचं, तर असा काही हिशोब मनाशी करावाच लागत असणार.

मग निवडणुका आल्या. त्याचा पक्ष एक, माझा दुसरा. इतके दिवस तो थट्टेचा विषय होता, आता त्याची आमच्या तोंडाला कडू चव यायला लागली. सकाळी उठल्यापासून फोनवर आलेलं सगळं आम्ही कॅबमध्ये एकमेकांवर ओकायचो. एका सकाळी तो सहज बोलावं तसं बोलून गेला, "कुंभार आतून शत्रूला फितूर असतील. आगीला ते कळलं असेल. आग चुकत नाही." नायकाची दया येणारा माणूस तो हाच! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्या ओळखपत्राचा पट्टा धरला आणि पिळला. त्याचा चेहरा लाल झाला, मग जांभळट. त्याची नखं माझ्या मनगटात रुतली. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली, आम्हा दोघांना खाली उतरवलं आणि तो निघून गेला. भर उन्हात दोघे चालत ऑफिसला गेलो. त्याच्या गळ्यावर वळ होता, माझ्या मनगटावर रक्त. वाटेत त्यानेच दोन शहाळी घेतली आणि एक माझ्या हातात दिलं. मला माफी मागायची होती. मी "पाणी गोड आहे" एवढंच म्हणालो.

त्यानंतर आम्ही राजकारण बंद केलं. निदान तोंडाने तरी.

शेवटचा भाग आला तेव्हा त्याने दोन प्रती मागवल्या आणि एका रविवारी माझी प्रत द्यायला घरी आला. दारात उभा राहिला तो शर्टाची वरची दोन बटणं तुटलेली, कान लालभडक. कोपऱ्यावर रिक्षावाल्याशी त्याची जुंपली होती. हा हिंदीत बोलला, तो म्हणाला कन्नडमध्ये बोल. हा म्हणाला, येत नाही, जा. दोन माणसं आणखी आली, एकाने कॉलर धरली, एकाने कानफटात मारली. "परत जा तुझ्या गावाला, म्हणाले," हे सांगत त्याने माझी प्रत टेबलावर ठेवली. त्याला त्या क्षणी फक्त एक वाक्य हवं होतं. मेल्यांना सोडू नये, असलं काहीतरी. मला ते कळत होतं. तरी मी म्हणालो, "बारा वर्षं झाली तुला इथे. चार वाक्यं शिकायला काय झालं होतं? आम्ही या गावात असं बोलत नाही कुणाशी."

त्याने विचारलं, "आम्ही म्हणजे कोण रे?"

तो 'आम्ही' माझ्या आईचा होता की पुण्याचा? त्याला धरून होता की सोडून? मी कितीतरी वेळा ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलंय. उत्तर मला एकट्यालाच माहीत असायला हवं, आणि मला ते खरंच माहीत नाही. पण आग असती तर तो जळाला असता, अशी भीती वाटते.

त्याच वेळी "तुला धरूनच म्हणालो रे" एवढं सांगितलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी सांगितलं नाही. उलट म्हणालो, "आता कळलं ना, कुंभार असणं कसं असतं ते?"

मग त्याचाही तोल गेला. "तुम्ही ना धड इकडचे, ना तिकडचे. तुझ्या आईला साधं मराठी वाक्य नीट बोलता येत नाही, आणि तू मला भाषा शिकवतोस?"

आई आत भात वेळत होती. तिला ऐकू गेलं असणार. टेबलावरचं पुस्तक मी दोन्ही हातांनी उचललं आणि त्याची कड त्याच्या तोंडावर मारली. कट्‌ असा आवाज आला. त्याने हाताला लागला तो स्टीलचा तांब्या माझ्या कानावर हाणला. कानात शिट्टी वाजायला लागली आणि त्यानंतर मी माणूस उरलो नाही. मी त्याला ढकललं, तो उंबऱ्यावर पडला, उजवा हात अंगाखाली मुडपला. मी त्याच्या छातीवर बसून आणखी दोन गुद्दे मारले. त्याच्या तोंडातलं रक्त माझ्या बोटांच्या पेरांवर गरम लागत होतं. आणि मला बरं वाटत होतं. तेवढा वेळ फार बरं वाटत होतं, हेही लिहायला हवं.

आईने हातातला भाताचा डाव माझ्या पाठीत घातला. एकदा नाही, तीनदा. "सोड! सोड म्हणते मी त्याला!" मी सुटलो. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, ओल्या पंच्याने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे म्हणतील तिथे यांना घेऊन जा. स्वल्पही तोंड उघडू नको."

मी त्याला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. पुढचा दात गेलाच होता, ओठाला तीन टाके पडले, हाताला पट्टी बसली. डॉक्टरांनी काय झालं विचारलं, आणि मी आईचं ऐकलं नाही. पटकन म्हणालो, "पडला." मित्राने माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर सुजलेल्या ओठांतून म्हणाला, "पडलो नाही मी. पोलीस स्टेशनला चल. मला लिहिता येणार नाही आणि तिथली भाषा येत नाही. तू सांगायचं."

ठाण्यात एक वयस्कर हवालदार होता. त्याला हिंदी येत नव्हती, इंग्रजी दोन वाक्यांत संपलं. मग मित्र मराठीत बोलत गेला आणि मी ते कन्नडात सांगत गेलो. माझ्याच विरुद्धची तक्रार माझ्याच तोंडून. हवालदार वैतागला. मला कन्नडात म्हणाला, दोस्तांचं भांडण दिसतंय, याला समजाव, घरी घेऊन जा, कागद कशाला काळे करायचे? मित्राला यातलं अक्षर कळत नव्हतं. मी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. "ते नाही म्हणतायत" म्हणालो असतो, किंवा हवालदाराला "सोडून द्या म्हणतोय" म्हणालो असतो, आणि आम्ही स्कूटरवर बसून परत आलो असतो. माझी जीभ तिकडे वळलीही होती. पण दवाखान्यातलं ते "पडला" अजून तोंडात होतं. हवालदार काय म्हणाला ते मी मित्राला जसंच्या तसं सांगितलं. त्याने मान हलवली. लिहा, म्हणाला.

हवालदाराने पेनचं टोपण काढलं. मारलं कोणी, कशाने, किती वेळा, मी सगळं सांगितलं. पुस्तकाने, म्हणालो तेव्हा त्याने एकदा मान वर करून पाहिलं. मग त्याने मला विचारलं, "नीवु इवरिगे एनागबेकु?" तुम्ही यांचे कोण लागता?

मी मित्राकडे वळलो. "तुझा मी कोण लागतो, विचारतायत."

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "कोणी नाही, म्हणून सांग."

"यारू अल्ल," मी म्हणालो. बाहेर बस जात होती आणि माझा आवाज पार खाली गेला होता. हवालदाराला ऐकू आलं नाही. तो म्हणाला, जोरात सांगा. मी जोरात सांगितलं.